भुसभुशीत बर्फासाठी घरच्या घरी स्नोबोर्ड: आराखड्यापासून पहिल्या उतारापर्यंत

स्नोबोर्ड स्वतः बनवायचे ठरवले की हात आधी कागदाकडे जातो आणि कागदावर सर्वप्रथम उतरते ती बोर्डाची बाह्यरेषा. रुंद व लांब पुढचा भाग, कंबरेपाशी आलेली खोलगट वळणे आणि निमुळती होत गेलेली शेपटी डोळ्यांना भुरळ घालतात हे खरे. पण ताज्या बर्फात बोर्ड कसा वागेल हे त्या रेषेपेक्षा लाकडी गाभ्याची जाडी अधिक ठरवते. टोकांची रेषा चिकटवणी झाल्यानंतरही करवतीने थोडीफार बदलता येते, गाभा मात्र काचतंतूंच्या दोन थरांमध्ये एकदा बंद झाला की त्याला पुन्हा हात लावता येत नाही. म्हणून या लेखात गाभ्याला जास्त जागा दिली आहे आणि सजावटीला जवळपास दिलेलीच नाही.

घरी बोर्ड बनवणे ही या खेळातली मूळचीच रीत आहे. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या मस्कीगन येथे शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की शेजारी शेजारी जोडून ‘स्नर्फर’ तयार केला. १९७० च्या दशकात युटामध्ये दिमित्रिये मिलोविच यांनी खास खोल बर्फासाठी दुभंगलेल्या शेपटीचे ‘विंटरस्टिक’ बोर्ड घडवले. आणि १९७७ मध्ये व्हर्मॉन्टमधील लंडनडेरी या छोट्या गावात जेक बर्टन कारपेंटर यांनी लाकडाचे थर चिकटवून बोर्ड बनवायला सुरुवात केली. आज साहित्य बदलले असले तरी कामाचा गाभा तोच आहे: लाकूड, चिकटवण आणि दाब.

बर्फ बोर्डाकडून काय मागतो

पुढचे सर्व आकडे १५८० मिमी लांबीच्या एका बोर्डाला धरून दिले आहेत. वापरणाऱ्याचे वजन कपडे व सामानासकट ८५ किलोच्या आसपास गृहीत धरले आहे. अशा बोर्डाचे क्षेत्रफळ सुमारे ०.४३ चौरस मीटर भरते, म्हणजे नुसते उभे राहिल्यावर बर्फावर दर चौरस मीटरला जवळपास २०० किलो भार येतो. ताज्या, कोरड्या बर्फाची घनता घनमीटरला साधारण ५० ते १०० किलो इतकीच असल्यामुळे स्थिर उभा राहिलेला माणूस त्यात रुततोच. त्याला वर उचलतो तो वेग: उतारावरून सरकताना बोर्डाचा पुढचा, किंचित वर उचललेला भाग बर्फ खाली दाबतो आणि त्या दाबाच्या प्रतिक्रियेवर बोर्ड तरंगतो. यातून आराखड्याच्या तीन अटी निघतात. पुढचा भाग रुंद व लांब हवा, तो सावकाश आणि लवकर उचलला जायला हवा आणि माणसाचे वजन मध्यापासून थोडे मागे पडायला हवे, म्हणजे शेपटी बसेल आणि पुढचे टोक आपोआप वर येईल. ही तिसरी अट पाळली नाही तर दिवसभर मागच्या पायावर रेलून उतरावे लागते आणि दुपारपर्यंत मांडी भरून येते.

होक्काइदोतील निसेको किंवा काश्मीरमधील गुलमर्ग या ठिकाणी असा बोर्ड खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो. गुलमर्गला हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभांमुळे हिमवृष्टी होते आणि तिथला गंडोला (दोरावरून चालणारा बंदिस्त पाळणा) अफरवत शिखराच्या उतारावर सुमारे ३,९८० मीटर उंचीपर्यंत नेतो. वरचे उतार रुंद, उघडे आणि बहुतांशी यंत्राने न दाबलेले असतात. औलीसारख्या ठिकाणच्या दाबलेल्या उतारावर हा बोर्ड चालेल, पण तिथे त्याचा खरा कस लागणार नाही.

आराखडा

कागदावर रेघ ओढण्याआधी आपल्या किंवा मित्राच्या आवडत्या बोर्डाचे माप घ्यावे. लांबी व रुंदी तर मोजावीच, पण तो जिथे बर्फाला टेकतो त्या दोन बिंदूंवर आधार देऊन मध्यभागी २० किलो वजन ठेवावे आणि बोर्ड किती मिलिमीटर वाकतो ते लिहून ठेवावे. मग पुढच्या पायाच्या जागी शिकंजा आवळून पुढच्या टोकाला २ किलो वजन टांगावे आणि तेही वाकणे नोंदवावे. ताठपणाची कल्पना शब्दांत सांगता येत नाही. हे दोन आकडे मात्र पुढे आपल्या बोर्डाशी थेट ताडून पाहता येतात.

आपल्या उदाहरणात पुढचा उचललेला भाग ३१० मिमी, प्रत्यक्ष कड चालते तो भाग ११०० मिमी आणि शेपटी १७० मिमी अशी वाटणी आहे. पुढची सर्वांत जास्त रुंदी ३१६, कंबर २६६ आणि मागची रुंदी २९२ मिमी. पुढच्या आणि मागच्या रुंदीतला हा २४ मिमीचा फरक शेपटीला बर्फात बसू देतो. कडेच्या वळणाची त्रिज्या तपासण्यासाठी दोन्ही टोकांच्या रुंदीची सरासरी काढावी, म्हणजे ३०४. त्यातून कंबर वजा करून निम्मे केले की वळणाची खोली १९ मिमी येते. चालत्या कडेच्या लांबीच्या वर्गाला खोलीच्या आठपटीने भागले की त्रिज्या जवळपास ८ मीटर निघते. दाबलेल्या उतारावरच्या बोर्डांसाठी याहून घट्ट वळणही चालते, पण खोल बर्फात फार खोलगट कंबर असली की पुढचे रुंद टोक मध्येच अडकल्यासारखे ओढते, म्हणून मी ८ मीटरच्या खाली जात नाही.

चालत्या कडेचा मध्य पुढच्या टोकापासून ८६० मिमीवर येतो. पायांचा मध्य त्याच्या ४० मिमी मागे, म्हणजे ९०० मिमीवर घ्यावा. दोन पायांमधले अंतर ५४० मिमी ठेवले तर पुढचा पाय ६३० आणि मागचा ११७० मिमीवर पडतो. मध्यम उंचीच्या माणसाला हे अंतर सोयीचे जाते. इन्सर्टच्या (गाभ्यात बसवलेल्या, बाइंडिंगचे स्क्रू धरणाऱ्या आट्यांच्या धातूच्या नळ्यांच्या) जास्तीच्या रांगा ठेवल्या तर ते नंतर कमीजास्तही करता येते.

तळाचा बाजूने दिसणारा आकार असा: पुढच्या पायाच्या १५० मिमी पुढून, म्हणजे ४८० मिमीच्या खुणेपासून, तळ हळूहळू उचलू लागतो आणि टोकाशी ६० मिमी वर येतो. त्या खुणेपासून शेपटीच्या सुरुवातीपर्यंत मध्यभागी ४ मिमीची कमान ठेवावी, आणि शेपटी फक्त २५ मिमी उचलावी. काही जण कमान अजिबात ठेवत नाहीत. खोल बर्फात तिने काही बिघडत नाही आणि गंडोलाच्या स्थानकाकडे परतताना लागणाऱ्या कडक, गोठलेल्या पट्ट्यावर कड धरून ठेवायला तीच कामी येते, म्हणून ती ठेवावी असे माझे मत आहे.

शेपटी दुभंगलेली ठेवण्याचा मोह पहिल्या बोर्डात आवरावा. दुभंगल्याने मागचे क्षेत्रफळ कमी होते आणि शेपटी आणखी बसते हे खरे, पण त्या खाचेच्या आतल्या कडेतून पाणी लाकडात शिरण्याचा धोका मोठा असतो. साधी, गोलसर निमुळती शेपटी पुरेशी आहे.

आराखडा पक्का झाला की ६ मिमी एमडीएफचा (लाकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या फळीचा) फर्मा कापावा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या न आखता मध्यरेषेच्या एका बाजूचाच अर्धा फर्मा कापावा, पॉलिश पेपरने रेषा गुळगुळीत करावी आणि मग तोच उलटून दुसरी बाजू कापावी. हाताला लागणारा बारीकसा उंचवटाही बर्फावर कडेला जाणवतो, म्हणून डोळ्यांवर विसंबू नये; डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवावा.

गाभा

उत्तम गाभ्याचे लाकूड हलके, सरळ तंतूंचे आणि गाठी नसलेले असते. कारखान्यातल्या बोर्डांमध्ये पॉपलर सर्रास वापरले जाते आणि ते आपल्याकडे मिळतेही: हरियाणातील यमुनानगरचा प्लायवूड उद्योग मुख्यतः पॉपलर आणि निलगिरीवर चालतो, काश्मीर खोऱ्यातही त्याची झाडे भरपूर आहेत. महाराष्ट्रातल्या वखारीत उत्तम सागवान समोर दिसते आणि ते घ्यावेसे वाटते, पण या कामाला ते योग्य नाही. सागवान पॉपलरच्या जवळपास दीडपट जड असते आणि त्यातल्या नैसर्गिक तेलामुळे इपॉक्सी (थर चिकटवणारे, दोन घटक कालवून वापरायचे रसायन) नीट धरत नाही. आपल्या मापाच्या गाभ्याला पॉपलर सुमारे १.१ किलो लागते. तोच गाभा सागवानाचा केला तर १.७ किलोपर्यंत जातो.

लाकडाच्या १५ ते २० मिमी रुंदीच्या पट्ट्या काढून त्या उभ्या तंतूंनी एकमेकींना सुतारी सरसाने चिकटवाव्यात. शेजारच्या पट्ट्यांची दिशा आलटून पालटून ठेवावी, म्हणजे एकीचा वाकण्याचा कल दुसरीने तोलला जातो. जिथे इन्सर्ट बसणार त्या मधल्या दोन-तीन पट्ट्या अधिक कणखर लाकडाच्या किंवा दाबून चिकटवलेल्या बांबूच्या घ्याव्यात. लाकडातला ओलावा ८ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असावा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हे काम काढू नये. त्या हवेत लाकूड याहून बरेच ओले राहते, पुढे सुकताना आकसून गाभा पिळतो, आणि दमट हवेत इपॉक्सीच्या पृष्ठभागावर मेणचट थर येतो तो वेगळाच.

पट्ट्यांची फळी तयार झाली की तिची खालची बाजू पूर्ण सपाट करून घ्यावी, कारण पुढची सगळी मापे तिच्यावरून घेतली जातात. याच टप्प्यावर फर्म्यावरून इन्सर्टची छिद्रे पाडावीत. बाइंडिंगच्या (बूट बोर्डाला जखडणाऱ्या पकडीच्या) चकतीला जुळणारी रचना सर्वत्र ठरलेली आहे: एम ६ आकाराचे आटे, आडव्या रांगांमध्ये ४० मिमी आणि लांबीच्या दिशेने २० मिमी अंतर. इन्सर्टची टोपी खालच्या बाजूला लाकडात बुडेल एवढी खळगी करावी. इन्सर्ट आधी विकत घेऊन त्यांची उंची व्हर्नियरने मोजावी आणि त्यावरूनच पायांखालची जाडी ठरवावी, आधी जाडी आणि मग इन्सर्ट असा उलटा क्रम ठेवू नये.

त्यानंतर फळी बाह्यरेषेपेक्षा थोडी आत कापून तिच्या दोन्ही बाजूंना १२ मिमी रुंदीच्या एबीएस प्लास्टिकच्या पट्ट्या चिकटवाव्यात; टोकांभोवतीही तोच प्लास्टिकचा तुकडा बसवावा. या भिंतीच लाकडाचे पाण्यापासून रक्षण करतात. त्या फळीसोबतच तासल्या जाव्यात म्हणून तासण्याआधी बसवाव्यात.

आता जाडीची उतरण. दोन लांब लाकडी रुळांवर हवी ती वक्ररेषा कापून ते फळीच्या दोन्ही बाजूंना समांतर ठोकावेत आणि त्यांवर आडवी सरकणारी पाटी ठेवून तीत राउटर (फिरत्या पात्याने लाकूड कोरणारे यंत्र) बसवावा. राउटर रुळांची रेषा पाळत फळी तासत जातो. आपल्या बोर्डासाठी पुढच्या टोकाला २.० मिमी, ३१० च्या खुणेवर ३.६, ४८० वर ६.२, आणि ५६० पासून १२४० पर्यंत सलग ७.४ मिमी ठेवावे. पुढे १४१० वर ४.८ आणि शेपटीच्या टोकाला २.४ मिमीवर उतरावे. पायांखालचा भाग सलग एका जाडीचा ठेवण्याचे कारण इन्सर्टच आहेत. तुमच्या इन्सर्टला ७.४ ऐवजी दुसरी जाडी लागत असेल तर मधला भाग तेवढा करून दोन्हीकडची उतरण त्याच प्रमाणात बदलावी.

पुढे ३.६ आणि मागे ४.८ हा फरक जाणूनबुजून ठेवला आहे. काचतंतूंचे दोन थर एकमेकांपासून जितके दूर, तितका बोर्ड ताठ, आणि हा ताठपणा ढोबळमानाने अंतराच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे सव्वा मिलिमीटरहून कमी फरकाने मागचा भाग पुढच्यापेक्षा जवळपास पावणेदोन पट ताठ होतो: पुढचे टोक मऊ राहून बर्फावर चढते आणि मागचा भाग वळणातून बाहेर पडताना आधार देतो. याच नियमामुळे चूक कुठे महागात पडते हेही कळते. पायांखाली अर्धा मिलिमीटर जाडी जास्त राहिली तर ताठपणा सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो. तेवढीच चूक ३१० च्या खुणेवर झाली तर वाढ ३० टक्क्यांच्या घरात जाते. दर १०० मिमीवर, डाव्या आणि उजव्या दोन्ही कडांना, व्हर्नियरने माप घ्यावे आणि ०.२ मिमीपेक्षा जास्त फरक राहू देऊ नये. शेवटचे काही दशांश राउटरने न काढता सपाट लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून हाताने काढावेत. वेळ लागतो, पण या कामावर घालवलेला प्रत्येक तास बर्फावर परत मिळतो.

तयार गाभा दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवून पाहावा. वाक एकसारखा, अखंड दिसला पाहिजे. एखाद्या जागी कोपरा पडल्यासारखे वाटले तर तिथे उतरण अचानक बदलली आहे असे समजून ती जागा पुन्हा घासावी.

साचा

साच्यासाठी १८ मिमी एमडीएफच्या पट्ट्या एकाच फर्म्यावरून तळाच्या आकारात कापून शेजारी शेजारी बोल्टने आवळाव्यात आणि वर बारीक प्लायवूड किंवा अॅल्युमिनियमचा पत्रा बसवावा. रुंदी बोर्डापेक्षा प्रत्येक बाजूला निदान ३० मिमी जास्त असावी. दाब काढल्यावर कमान एखाद-दोन मिलिमीटरने उतरते, म्हणून साच्यात ती ४ ऐवजी ५ ते ६ मिमी ठेवावी.

तळ आणि पोलादी कड

तळाचे प्लास्टिक आणि पोलादी कड या दोन गोष्टी स्की व स्नोबोर्डचे साहित्य विकणाऱ्यांकडूनच मागवाव्या लागतात. तळासाठी १.२ मिमी जाडीचे अतिउच्च रेणुभाराचे पॉलिथिन वापरतात. हे प्लास्टिक स्वभावतःच कशाला चिकटत नाही, म्हणून त्याची एक बाजू ज्योतीने भाजून आणि घासून तयार केलेली असते. कोणती बाजू कोणती हे पाण्याच्या थेंबाने कळते: तयार बाजूवर थेंब पसरतो, कच्च्या बाजूवर तो गोळा होऊन राहतो. पाण्याने ओली झालेली जागा पूर्ण वाळू द्यावी आणि त्यानंतर त्या बाजूला उघडे बोट लागू देऊ नये. बोटाच्या तेलाचा ठसा पुढे तळ सुटण्याची जागा होऊ शकतो.

तळ फर्म्यावरून कापताना कडेची दिसणारी रुंदी, साधारण २ मिमी, आत सोडून कापावा. पहिल्या बोर्डाला पोलादी कड पूर्ण भोवती न फिरवता फक्त २५० ते १४५० मिमीच्या खुणांदरम्यान बसवावी. टोकांवरचे घट्ट वळण त्यामुळे टळते आणि खोल बर्फात टोकांना पोलादाची गरजही नसते. कड थंडीच वाकवावी, तापवल्यास पोलादाचे पाणी उतरते. फर्म्यावर ठेवल्यावर ती हात न लावता वळणाला जुळून बसेपर्यंत थोडी थोडी वाकवत जावे. जबरदस्तीने दाबून चिकटवलेली कड पुढे तळाला पिळत राहते. मग दर ५ ते ८ सेंटिमीटरवर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब टाकून ती तळाला जोडावी आणि आतली दातेरी पट्टी घासून, पुसून स्वच्छ करावी.

या दातेरी पट्टीवर रबराची पातळ पट्टी घालायची असते आणि ती कधीही वगळू नये. हे प्लास्टिक तापमानाच्या बदलाने पोलादाच्या दहापटीहून अधिक आकसते. खोलीतल्या २५ अंशांवरून बर्फावरच्या उणे १० अंशांवर गेले की दीड मीटर लांबीची मोकळी पोलादी पट्टी जेमतेम ०.६ मिमी आखडते, तर तेवढेच मोकळे प्लास्टिक ८ मिमीच्या आसपास आखडेल. चिकटवलेल्या बोर्डात त्याला आखडायला जागा नसते आणि तो सगळा ताण जोडावर येतो. रबर तो ताण आणि दगडावर आपटण्याचे धक्के दोन्ही सोसते. याच कारणासाठी घरी बनवताना बोर्डातले इपॉक्सी फार तापवून न पिकवता (कडक न करता) खोलीच्या तापमानाला पिकवणे मला श्रेयस्कर वाटते.

चिकटवणी

काचतंतूंचे कापड तीन दिशांचे घ्यावे, म्हणजे एक तंतू लांबीच्या दिशेने आणि दोन तिरपे ४५ अंशांवर; चौरस मीटरला ७५० ग्रॅम वजनाचे कापड या बोर्डाला पुरते. तिरपे तंतू बोर्डाला पिळण्यापासून रोखतात. गाभ्याच्या वर आणि खाली एकाच कापडाचे थर आरशातल्यासारखे, म्हणजे एकमेकांच्या उलट मांडावेत. नाहीतर बोर्ड साच्यातून निघताच तिरपा होतो. दोन्ही थर मिळून कापड सुमारे ८०० ग्रॅम भरते. इपॉक्सी जवळपास तितकेच लागते, शिवाय लाकूड थोडे पिते, म्हणून १.२ किलो तयारीत ठेवावे. मंद गतीचा हार्डनर (इपॉक्सी कडक करणारा दुसरा घटक) निवडावा आणि प्रमाण वजनकाट्यावर मोजून घ्यावे, अंदाजाने नाही. सगळे एकदम कालवू नये: खोल भांड्यात मोठा साठा स्वतःच्याच उष्णतेने तापून काही मिनिटांत धूर सोडतो. तीनशे-साडेतीनशे ग्रॅमचा घाणा कालवून लगेच उथळ, पसरट ट्रेमध्ये ओतावा.

नायट्राइलचे हातमोजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत हातात असावेत. इपॉक्सीची अॅलर्जी हळूहळू जडते आणि एकदा जडली की आयुष्यभर राहते. हाताला लागले तर अॅसिटोनने पुसू नये, त्याने ते त्वचेत आणखी शिरते. साबण आणि पाणी वापरावे. खिडक्या उघड्या असाव्यात, आणि पुढे काचतंतू घासताना नाकातोंडावर चांगल्या प्रतीचा मास्क असावा.

दाब देण्याचे दोन मार्ग आहेत. हवेने फुगणाऱ्या नळ्यांचा पोलादी प्रेस ३ बार दाबाला या बोर्डावर १३ टनांच्या आसपास बळ लावतो. चौकट नीट जोडलेली नसेल तर ते जिवावर बेतू शकते. पहिल्या बोर्डासाठी व्हॅक्यूमची पिशवी वापरावी. समुद्रसपाटीजवळ चांगला पंप ०.८ बारपर्यंत दाब देतो, म्हणजे या बोर्डावर साडेतीन टनांच्या जवळ, आणि तो सगळीकडे सारखा पडतो. गुलमर्गसारख्या २,६५० मीटर उंचीवरच्या गावात हे काम करू नये, तिथे हवेचा दाबच पाऊण पटीच्या आसपास उरतो.

प्रत्यक्ष काम सुरू करण्याआधी सगळे थर एकदा कोरडेच साच्यावर रचून पाहावेत. पुढच्या आणि मागच्या टोकांच्या बाहेर प्रत्येकी एक खुंटी ठोकून तळ व गाभा तीत अडकतील अशी छिद्रे ठेवावीत; ओले थर एकमेकांवर साबणासारखे घसरतात आणि गाभा तीन मिलिमीटर सरकला तरी भिंत कडेवरून निसटते. इन्सर्टच्या आट्यांत मेण भरावे किंवा ते स्क्रू फिरवून बंद करावेत.

मग क्रमाने: साच्यावर मेण लावलेले पॉलिथिन, त्यावर कडेसह तळ, तळावर रेझिनचा (कालवलेल्या इपॉक्सीचा) हात, दातेरी पट्टीवर रबर, काचतंतूंचा पहिला थर, त्यावर गाभा, वर दुसरा थर आणि शेवटी वरचे आवरण. रेझिन प्लास्टिकच्या पात्याने पसरावे. कोरडे कापड पांढरे असते आणि रेझिन शोषले की पारदर्शक होऊन खालचे लाकूड किंवा तळ स्पष्ट दिसू लागतो. एकही पांढरा ठिपका शिल्लक असताना पुढचा थर ठेवू नये. जास्तीचे रेझिनही पात्याने ओढून काढावे, ते नुसते वजन आणि ठिसूळपणा वाढवते. वर एक लवचीक पत्रा, त्यावर हवा खेचली जाण्यासाठी जाड कापड आणि मग पिशवी. कडेची पोलादी टोके पिशवीला भोक पाडतात, तिथे कापडाच्या घड्या ठेवाव्यात. पंप सुरू केल्यावर कान लावून गळती ऐकावी, बारीकशी शिटी ऐकू येतेच. २० ते २५ अंश तापमानात निदान २४ तास दाब कायम ठेवावा.

बाहेर काढल्यानंतर

दुसऱ्या दिवशी साच्यातून काढलेला बोर्ड काठांवर ओबडधोबड दिसतो, ते स्वाभाविक आहे. जिगसॉने कडेच्या थोडे बाहेरून कापून पट्ट्याच्या सँडरने कडेपर्यंत घासत यावे. पोलादाला लागताच ठिणग्या उडतात, म्हणून चश्मा लावावा आणि लाकडाचा भुसा आधी झाडून घ्यावा. भिंतींना राउटरने ७ ते १० अंशांचा उतार द्यावा. टोकांपाशी कुठे लाकूड उघडे पडले असेल तर तिथे पातळ इपॉक्सीचे दोन हात द्यावेत.

तळ सपाट आहे का हे पोलादी पट्टी आडवी ठेवून, मागून दिवा धरून तपासावे. कडेखालून उजेड दिसला तर तळ उंच आहे. मध्यातून दिसला तर कड उंच आहे आणि असा बोर्ड वळणात अडखळतो. घासून सपाट केल्यावर कडेला तळाच्या बाजूने १ अंशाचा उतार द्यावा. इस्त्री १२० अंशांच्या आसपास ठेवून मेण वितळवून लावावे, गार झाल्यावर खरवडावे आणि पहिल्या वेळी हे तीन-चारदा करावे. इस्त्री एका जागी थांबू देऊ नये, कारण तळाखालचा जोड उष्णतेने कमकुवत होतो.

आता सुरुवातीला नोंदवलेले दोन आकडे काढावेत आणि हीच दोन मापे नव्या बोर्डाची घ्यावीत. इपॉक्सी पूर्ण कडक व्हायला आठवडा लागतो, त्याआधीचे माप धरू नये.

पहिला उतार

पहिल्या दिवशी थेट खोल बर्फात उतरू नये. दाबलेल्या सोप्या उतारावर दोन-तीन फेऱ्या मारून बाइंडिंगचे स्क्रू पुन्हा आवळावेत, कड जिथे संपते त्या चार जागा नखाने चाचपाव्यात आणि तळाला कुठे फुगवटा नाही ना ते पाहावे. नखाला फट लागली तर तो दिवस तिथेच थांबवून ती जागा सुकवून, इपॉक्सी भरून, शिकंज्याने आवळून दुरुस्त करावी. एकदा पाणी आत गेले आणि रात्री गोठले की ती फट सकाळी दुप्पट झालेली असते.

सगळे ठाकठीक असेल तेव्हाच वरचे उतार घ्यावेत, तेही सोबतीने, गस्त पथकाने खुले केलेल्या भागात आणि प्रत्येकाजवळ हिमस्खलनात शोध घेणारा ट्रान्सीव्हर, सळई व फावडे असताना. ज्या दिवशी भुसभुशीत बर्फ सर्वांत सुंदर असतो, त्या हिमवृष्टीनंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांतच हिमस्खलनाचा धोकाही सर्वांत जास्त असतो.

पुढचे टोक बुडत असेल तर आधी बाइंडिंग इन्सर्टच्या एका रांगेने मागे घ्यावे. त्यानेही फरक पडला नाही तर टोक फार ताठ झाले आहे असे समजावे. टोक वर राहते पण वेगात फडफडते, असे झाले तर ते फार मऊ आहे. हे निरीक्षण गाभ्याच्या जाडीच्या तक्त्याशेजारीच लिहून ठेवावे. पुढच्या बोर्डात ३१० च्या खुणेवर ३.६ ऐवजी ३.४ घ्यायचे की ३.८, याचे उत्तर तिथूनच मिळते.